टेअर, रिप, स्प्लिट, सेव्हर... नुसतं 'वेगळं करणे' म्हणून भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सेपरेट, डिव्हाइड, स्प्लिट, टेअर, रिप, सेव्हर, डिटॅच, डिसमँटल यातला कुठलाही शब्द डिक्शनरीत बघा, फिरून फिरून 'वेगळे करणे, तोडणे, फाडणे' एवढंच हाती लागतं, मग कुठे कुठला वापरायचा. आणि त्यालाच जोडून दुसरा, की 'ही सेपरेटेड द लेटर इंटू पीसेस' या तुमच्या वाक्यावर सरांनी लाल रेघ का मारली, व्याकरण तर बरोबर आहे.

व्याकरण बरोबरच आहे हो. चित्र चुकलंय. हे वाक्य वाचताना असं दिसतं की पत्राचे भाग मुळातच निराळे होते, कुणीतरी शांतपणे बसून ते बाजूबाजूला केले. तुम्हाला म्हणायचं होतं की त्याने रागाच्या भरात पत्र फाडून टाकलं. मी पंचवीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतोय, मशीनची मॅन्युअल्स, हॉस्पिटलचे रिपोर्ट, कोर्टाचे कागद, आणि या एका घोळक्याने मला जेवढं दमवलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दांनी दमवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक ठिकाणी हे शब्द जोरावरून शिकवतात. म्हणजे सेपरेट सौम्य, टेअर त्याहून जोराचं, रिप सगळ्यात जोराचं, अशी शिडी लावून देतात. मला हे अजिबात पटत नाही. सर्जन अगदी हलक्या हाताने एखादी नस सेव्हर करतो, आणि मारामारी करणाऱ्या दोघांना सेपरेट करायला चार जणांना अंगातली सगळी ताकद लावावी लागते. तेव्हा जोर बाजूला ठेवा. आधी हे बघा की ती वस्तू इतका वेळ एकत्र कशाने धरली होती. माणसाने केलेला जोड होता का, की आतमध्ये निसर्गाने आखलेली रेघ होती, की काहीच नव्हतं, सगळं एकसंध होतं, की मुळात दोन वस्तू फक्त शेजारी शेजारी होत्या? याचं उत्तर मिळालं की निम्मे शब्द आपोआप गळतात.

आणि ही नजर आपल्याला नवीन नाहीये, मराठीत आपण रोज तेच करतो, फक्त लक्षात येत नाही. लाकडाचंच घ्या. आपण लाकूड तोडतो, लाकूड फोडतो आणि लाकूड चिरतो. तिन्हीत लाकडाचे तुकडेच होतात पण कुणी एकाच्या जागी दुसरं म्हणत नाही. तोडणं म्हणजे उभं झाड किंवा फांदी आडवी, रेषांच्या आरपार. फोडणं म्हणजे ओंडका उभा ठेवायचा, डोक्यावर कुऱ्हाड घालायची आणि तो आपल्याच रेषेने उभा दुभंगतो, कुऱ्हाड खालपर्यंत जावी सुद्धा लागत नाही. चिरणं म्हणजे करवतीने उभ्या फळ्या काढणं. इंग्रजीत पहिल्याला चॉप किंवा कट डाउन, दुसऱ्याला स्प्लिट, आणि तिसऱ्याला सुतार लोक रिप म्हणतात, करवतीतच रिप सॉ आणि क्रॉसकट सॉ असे दोन प्रकार असतात, पहिली रेषांच्या बाजूने चालते, दुसरी रेषांना आडवी.

म्हणजे स्प्लिटच्या पोटात रेषा आहे हे लक्षात ठेवा. जिथे वस्तू आपल्याच एखाद्या रेघेवरून उभी दुभंगते, किंवा निदान मोजके, साधारण धड भाग होतात, तिथे स्प्लिट. ओठ स्प्लिट होतो, केसाची टोकं स्प्लिट होतात, पँट शिवणीवर स्प्लिट होते. शब्द इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकात, डच भाषेच्या बाजूने, आणि सुरुवातीला खडकावर आपटून दुभंगणाऱ्या जहाजासाठी वापरायचे. १९३२ मधे केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमच्या अणुकेंद्रकाचे प्रोटॉनच्या माऱ्याने दोन हेलियम केंद्रकं केली तेव्हा त्यालाही स्प्लिटिंग द अ‍ॅटम म्हणाले. टेअरिंग द अ‍ॅटम म्हटलं असतं तर चिंध्या डोळ्यापुढे आल्या असत्या. बिल स्प्लिट करतात तेही याच हिशोबाने, एक आकडा असतो आणि त्याचे वाटे पडतात. स्प्लिटिंग हेअर्स म्हणजे तर आपलं शब्दाचा कीस काढणं. आणि हो, याचा भूतकाळही स्प्लिटच, स्प्लिटेड लिहू नका.

स्प्लिटचा थोरला भाऊ म्हणजे क्लीव्ह. हिऱ्याच्या धंद्यात आणि खनिजशास्त्रात हा अजून जिवंत आहे. तिथे क्लीव्हेज आणि फ्रॅक्चर या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, स्फटिकाच्या आत जी कमजोर पातळी असते तिच्यावरून सपाट सुटणं म्हणजे क्लीव्हेज, आणि तशी पातळी न पाळता वेडंवाकडं फुटणं म्हणजे फ्रॅक्चर. अभ्रक हातात घ्या, नखाने एक पापुद्रा सुटतो, त्याखालून दुसरा, तिसरा, सगळे आरशासारखे सपाट. ते क्लीव्हेज. १९०५ मधे दक्षिण आफ्रिकेत तीन हजार एकशे कॅरेटच्या वरचा कलिनन हिरा सापडला, तो १९०८ मधे अ‍ॅमस्टरडॅममधे जोसेफ अ‍ॅशर यांनी आधी बारीक खाच करून, तिच्यात पोलादी पातं ठेवून एका ठोक्यात दुभंगला, त्याला इंग्रजीत क्लीव्हच म्हणतात, ब्रेक म्हणत नाहीत. कारण ब्रेकमधे हिरा वाया गेला असा वास येतो. रोजच्या बोलण्यात मात्र क्लीव्ह फारसं येत नाही, त्याची उरलीत ती रूपं, क्लेफ्ट लिप म्हणजे जन्मतः दुभंगलेला ओठ, क्लोव्हन हूफ म्हणजे गाईसारखा दुभंगलेला खूर, ती ठरलेल्या जोडीतच वापरायची, क्लोव्हन लिप म्हटलं की चूक. आणि एक गंमतीची पण खरी गोष्ट, क्लीव्हचा दुसरा अर्थ 'घट्ट चिकटून राहणे' असा आहे, बरोबर उलटा. ते मुळात जुन्या इंग्रजीतले दोन वेगळे शब्द होते, उच्चार घासत घासत एकसारखे झाले. क्लीव्ह टू दिसलं की चिकटणं समजा.

आता टेअर आणि रिप, तुमच्या पत्राचा खरा प्रश्न इथे आहे. इथे आधी जोडही नाही आणि स्वच्छ रेघही नाही, अखंड पातळ वस्तू आहे, कागद, कापड, कातडी, आणि ती ओढून फाटते. ओढ महत्त्वाची. धार नाही, ओढ. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि खरंच करून बघा. एका दिशेने फाडलं तर बऱ्यापैकी सरळ फाटत जातं, दुसऱ्या दिशेने फाडलं तर हातभर गेल्यावर वाकडं जाऊन भलत्याच बाजूला निघतं, कारण कागद बनताना धागे एका दिशेत जास्त झोपलेले असतात. आणि फाटलेली कड जवळून बघा, तिला पांढरी लव आलेली असते, सुटे धागे. कात्रीने कापलेल्या कडेला ती नसते. ही लव म्हणजे टेअर. ज्या कडेला लव आहे तिथे टेअर म्हणा, जिथे नाही तिथे कट म्हणा, यात तुम्ही सहसा चुकणार नाही.

रिप हे टेअरचंच, पण एका दमात आणि आवाज करत. मराठीत टरकावणं आहे ना, टर्रकन, तेच. टेअर हळू पण होऊ शकतं, चुकून पण होऊ शकतं, काळजीने पण होऊ शकतं, कूपन रेघेवरून जपून फाडतात त्याला टेअर अलाँग द डॉटेड लाइन म्हणतात, तिथे रिप कुणी छापणार नाही. आणि शिवण उसवायला रिप आहे, शिंप्याच्या डब्यात जे दोन टोकांचं छोटं हत्यार असतं त्याला इंग्रजीत सीम रिपर म्हणतात, आपल्याकडे 'उसवणे' हा जो नेमका शब्द आहे त्याला इंग्रजीत रिप आऊट किंवा अनपिक असं म्हणावं लागतं. उसवणंमधे कापड शाबूत राहतं, दोराच जातो, हे सगळं एका शब्दात, इथे मराठीची श्रीमंती बघून मला दर वेळी बरं वाटतं.

टेअरच्या मागे कोण येतं यावर अर्थ फिरतो. टेअर अप म्हणजे तुकडे तुकडे, टेअर ऑफ म्हणजे मोठ्यातून एक भाग फाडून घेणं, टेअर आऊट म्हणजे वहीतून पान, टेअर डाउन इमारतीचं, म्हणजे पाडणं. टेअर अपार्ट म्हणजे लचके तोडणं, आणि माणसाच्या मनाचं किंवा घराचं बोलायचं तरी तेच. रिप ऑफ जपून, कारण बोलीभाषेत त्याचा अर्थ लुबाडणं. रेंड म्हणजे जुन्या धार्मिक ग्रंथांतलं फाडणं, आज ते हार्ट-रेंडिंग एवढ्यातच उरलंय, हृदय पिळवटून टाकणारं. आणि श्रेड म्हणजे बारीक लांब पट्ट्या, ऑफिसातलं कागदाचं श्रेडर.

आता एक जागा जिथे मराठी माणूस हमखास घसरतो. मराठीत जोड्या आहेत, फाडणे-फाटणे, तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे. एकात कुणीतरी करतं, दुसऱ्यात ते आपोआप होतं. इंग्रजीत अशी वेगळी जोडी नाही, एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, पण सगळी करत नाहीत. द बॅग टोर, चालतं. द लॉग स्प्लिट, चालतं. द रोप ब्रोक, चालतं. पण द रोप सेव्हर्ड किंवा द मशीन डिसमँटल्ड असं एकटं म्हटलं की वाचणारा अडखळतो, कारण त्या शब्दांना कर्ता लागतो किंवा हत्यार लागतं, वॉज सेव्हर्ड म्हणावं लागतं. कटचं पण तेच. 'माझं बोट कापलं' हे मराठीत अगदी सहज, म्हणून मुलं माय फिंगर कट लिहितात, इंग्रजीत आय कट माय फिंगर म्हणतात, मुद्दाम कापलेलं नसलं तरी. तुमच्या वाक्यात दोर ताण येऊन तुटला असेल तर ब्रोक किंवा स्नॅप्ड, कुणी सुरीने तोडला असेल तर कट, आणि पूर्ण आरपार, परत न जुळण्यासारखा तोडला असेल तर सेव्हर्ड.

सेव्हरबद्दल थोडं. सेव्हर आणि सेपरेट हे एकाच लॅटिन शब्दाची दोन पोरं आहेत, एक फ्रेंचमधून झिजून आलं, दुसरं थेट लॅटिनमधून. पण स्वभाव किती वेगळे झाले. सेव्हरमधे काहीतरी लांब, जिवंत किंवा वाहणारं असतं, नस, केबल, नातं, दोन देशांचे संबंध, आणि ते एका जागी पूर्ण तोडलं जातं. अर्धवट सेव्हर करायचं तर तसं वेगळं सांगावं लागतं, पार्शली सेव्हर्ड. सिव्हिअर म्हणजे तीव्र, त्याचा आणि याचा संबंध नाही, स्पेलिंगमधे शेवटी एका ई चा फरक आहे आणि तो रिपोर्टांमधे सारखा चुकतो.

सेपरेट आणि डिव्हाइडचा फरक मी भिंतीवरून सांगतो. भिंत दोन खोल्या सेपरेट करते. भिंत एक खोली डिव्हाइड करते. बस. सेपरेटमधे गोष्टी आधीपासून दोन असतात, मधे अंतर येतं. डिव्हाइडमधे एक असतं, त्याचे भाग होतात. म्हणून मिश्रणातून गोष्टी सेपरेट करतात आणि जमीन डिव्हाइड करतात. पाककृतीत सेपरेट द एग्ज असं येतं, ते वाचून 'अंडी वेगवेगळी ठेवा' असं भाषांतर झालेलं मी पाहिलंय, त्याचा अर्थ आहे पिवळं बलक आणि पांढरं वेगळं करा. नवरा-बायकोच्या बाबतीत दे आर सेपरेटेड म्हणजे वेगळे राहतात, लग्न कायद्याने अजून शिल्लक आहे, घटस्फोट नव्हे, कोर्टाच्या कागदात हा फरक फार महागात पडतो. उच्चारही बघा, क्रियापद असेल तर शेवटी 'रेट' ऐकू येतो, विशेषण असेल तर सेप्रट. आणि स्पेलिंगमधे पी नंतर ए आहे, ई नाही.

माणसाने केलेला जोड असेल तर शब्दांचं घरच बदलतं. डिटॅचमधे दोन्ही वस्तू धड राहतात, पाहिजे तेव्हा परत लावता येतात, कॅमेऱ्याची लेन्स, जॅकेटची टोपी. मनाने अलिप्त माणसालाही डिटॅच्ड म्हणतात आणि मला वाटतं अलिप्त हा त्याला फार सुंदर जुळणारा शब्द आहे, न चिकटलेला. डिसअसेंबल म्हणजे खोलणं, मेकॅनिक म्हणतो ना 'इंजिन खोललंय', भाग क्रमाने सुटे केलेत आणि परत बसवायचेत. टेक अपार्ट हे त्याचंच बोलीतलं रूप. टेक अपार्ट आणि टेअर अपार्ट यांच्यात एका शब्दाचा फरक, पण एकात वस्तू परत जोडता येते, दुसऱ्यात नाही. बॅटरीच्या पॅकवर डू नॉट डिसअसेंबल असतं त्याचं 'विघटन करू नये' असं भाषांतर अजूनही छापलेलं दिसतं आणि मला ते बघवत नाही. विघटन पालापाचोळ्याचं होतं. 'उघडू किंवा खोलू नका' एवढं लिहिलं की लहान मुलालाही कळतं, आणि ही सूचना कळणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, भाषेच्या शोभेचा नाही. डिसेंबल हा आणखी एक शब्द आहे, मधलं 'अस' गाळलं की तयार होतो, अर्थ मनातलं लपवणं, टाइप करताना सांभाळा.

डिसमँटल वेगळं का, तर त्याच्यात परत जोडायचा विचार सहसा नसतो. हा शब्द फ्रेंचमधून आला, मँटल म्हणजे अंगावरचा झगा, तो काढून घेणं, आणि सोळाव्या शतकात किल्ल्याची तटबंदी उतरवून तो उघडा पाडायला वापरत. हे एकदा कळलं की बाकी वापर समजतात, टोळीचं जाळं डिसमँटल करतात, जुनी व्यवस्था डिसमँटल करतात, म्हणजे एकेक आधार काढून तिला निकामी करतात. एकदम पाडली तर ते डिमॉलिश.

बाकीचे पटकन. प्राय अपार्ट म्हणजे पहार किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं. रेंच म्हणजे पिळा देऊन हिसकणं. पील म्हणजे सोलणं, स्ट्रिप म्हणजे वरचं आवरण पूर्ण उतरवणं, वायरचं प्लास्टिक काढतात तसं. रप्चर म्हणजे बहुतेक वेळा आतून दाब येऊन फुटणं. अनरॅव्हल स्वेटरचं असेल तर उसवणं, रहस्याचं असेल तर उलगडणं, बेताचं असेल तर फिसकटणं. पार्ट विथ म्हणजे एखादी वस्तू मन घट्ट करून देऊन टाकणं आणि पार्ट फ्रॉम म्हणजे माणसाचा निरोप घेणं.

एक गोष्ट मात्र मला थांबून सांगायची आहे, कारण तिथे मी स्वतः चुकलो होतो. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, एका जखमेच्या रिपोर्टचं मराठी करायचं होतं, त्यात लॅसरेटेड वुंड होतं आणि मी 'कापल्याची जखम' लिहिलं. तो मसुदा न्यायवैद्यक शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तपासला आणि मला समोर बसवून म्हणाले, ही फाटलेली जखम आहे, कापलेली नाही, तू कापलेली लिहिलंस तर लोक सुरी शोधत बसतील. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लॅसरेशन हे बोथट माराने होतं, काठी, दगड, जमिनीवर आपटणं, कातडी ताणून फाटते, कडा वेड्यावाकड्या, खरचटलेल्या, आणि जखमेच्या आत बघितलं तर दोन्ही बाजूंना जोडणारे काही धागे तसेच शिल्लक असतात, पुलासारखे. इन्साइज्ड वुंड धारेने होते, कडा स्वच्छ, आतला एकही धागा शिल्लक नाही, पात्याने सगळे कापलेले. डोक्यावर किंवा कपाळावर खाली लगेच हाड असल्यामुळे बोथट मारानेही जखम कापल्यासारखी सरळ दिसू शकते, म्हणून तर ते आतले धागे भिंगाने बघतात. आणि अ‍ॅव्हल्शन म्हणजे कातडी किंवा भाग ओढला जाऊन मुळापासून सुटणं. दवाखान्यात घाईच्या बोलण्यात कुठल्याही चिरेला लॅसरेशन म्हणतात हे खरं, पण कोर्टापुढे जाणाऱ्या कागदात तसं चालत नाही. वर्तमानपत्राच्या कडेची लव आणि जखमेतले ते धागे, दोन्ही एकच गोष्ट सांगतात, इथे धार नव्हती, ओढ होती. टेअर आणि कट यांच्यातला फरक मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळला.

तर तुमचं वाक्य. रागाने फाडून तुकडे केले असतील तर ही टोर अप द लेटर, किंवा ही टोर द लेटर टू पीसेस. आवाज आणि झटका ऐकवायचा असेल तर टोरच्या जागी रिप्ड. मशीनमधे घातलं असेल तर श्रेडेड. पानं स्टेपल केलेली होती आणि त्याने पिन काढून ती सुटी केली एवढंच असेल, तर मात्र तुमचं सेपरेटेड बरोबर आहे, फक्त इंटू पीसेस काढा आणि ही सेपरेटेड द पेजेस लिहा. सरांना एकदा विचारून घ्या की गोष्टीत पत्राचं नेमकं काय झालंय.